रिठ्याचं पाणी

केस सरळ करून करून लेकीच्या डोक्याचा काथ्या झाला, म्हणून आज रिठे उकळले. त्या कडवट वासानं मला थेट गोंदियातल्या वसतिगृहाच्या नळावर नेलं.

मी आठवीत होते. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं माझे केस राठ होऊन तुटत होते. हे कळल्यावर माय शेतातला धानाचा रोवणा सोडून गावाहून, दवनीवाड्याहून आली. एका डब्यात रिठ्याचं पाणी, दुसऱ्यात जास्वंदाच्या पानांचा गर. चिखलानं सालटलेल्या बोटांनी ती माझं डोकं चोळत होती, तेवढ्यात वॉर्डनबाई आल्या.

"ये क्या गंदगी है? हॉस्टेल है या गोठा?" म्हणत त्यांनी दोन्ही डबे पायानं लोटले.

"काऊन सांडवलं बाई? पोरीच्या डोक्यालेच त होतं."

"बाहर जाओ."

"डोकं धुऊन होऊ द्या, मंग जातो."

मुली बघत होत्या. मला मायचीच लाज वाटली. फेस झोंबल्याचं सोंग करून मी डोळे घट्ट मिटून बसले. मायनं नुसत्या पाण्यानं केस धुतले, पदरानं पुसले. मी तिच्यासोबत फाटकापर्यंतही गेले नाही.

वॉर्डनबाईंचा राग मी पुष्कळ वर्षं केला. आता त्याहून जास्त त्या डोळे मिटलेल्या पोरीचा येतो. कारण निघताना माय त्याच बाईंना विनवत होती, "तिच्या डोयात रिठा गेला जी. जरा थंडं पाणी लावजा."