दोन बोटं दोर

आमच्या परसातली खोली मी स्वतःच्या हाताने बांधली, हे मी आजवर निदान दोनशे माणसांना सांगितलं असेल. पाहुणा आला की चहाआधी त्याला परसात नेतो, ओळंबा लावून दाखवतो, भिंतीवर थाप मारून आवाज ऐकवतो. पाहुणा मान डोलावतो, मी लाजल्यासारखं करतो. हा प्रयोग छान रंगतो. फक्त त्यातला एक प्रवेश मी गाळतो, तो पूर्वेकडच्या कोपऱ्यातल्या खांबाचा. आज तो प्रवेश करतो.

खोली हवी होती मिरचीसाठी. माझी बायको मिरची कांडून देते. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, सुकलेली मिरची पोत्यांनी घरी येते आणि आमच्या ओसरीतल्या यंत्रातून लाल पूड होऊन बाहेर पडते. ओसरीला लागूनच आईची खाट. आई ऐंशीच्या पुढची आणि जन्माची दमेकरी. यंत्र सुरू झालं की ती पदर नाकाशी धरून बसायची आणि श्वास मिळाला की सुनेला टोमणा मारायची, ‘‘तुन्हा आवाजपेक्षा मशीनना आवाज बरा!’’ सून यंत्र आणखी जोरात चालवायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी टोमणा आलाच नाही. आत जाऊन पाहिलं तर आईचे ओठ जांभळे पडलेले, डोळे छताला लागलेले आणि छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. ती त्यातून वाचली. पण डॉक्टर दारातून निघताना ओसरीतल्या पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘एक तर ही घरात राहतील, नाही तर आजी.’’ उन्हाळा तोंडावर होता. उन्हाळ्यात अख्खं गाव वर्षभराचं तिखट कांडायला आमच्याकडे येतं. त्याआधी मिरची घराबाहेर जायला हवी होती.

सुतार बोलावला असता तर आठवड्यात काम झालं असतं. पण मला मोबाइलने बिघडवलं होतं. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणारा माणूस. दिवसभर उसाच्या गाड्या येतात, आकडा दिसतो, मी लिहितो. आपल्या हाताने काही उभं करावं ही हौस त्या खुर्चीतच रुजली. मोबाइलवर परदेशातले लोक दिसायचे. ते भिंतीची चौकट आधी जमिनीवर आडवी जोडतात आणि मग चौघे मिळून ती एका झटक्यात उभी करतात. टाळ्या वाजतात. मला त्या टाळ्या हव्या होत्या.

मोलगीच्या बाजारातून बांबू आणले, जीपच्या टपावर बांधून. शेजारच्या गावात एक जुनं घर पाडत होते, तिथून सागाचे सात फुटी खांब उचलले. जुन्या हिरव्या रंगाचे, चौकोनी रंधलेले, दोन्ही तोंडं करवतीने साफ कापलेली. बुडापासून शेंड्यापर्यंत सारखेच जाड. मला काय, लाकूड ते लाकूड.

बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘तुम्हीन आजलोंग एक खिया धड ठोका नही, आनी आते घर बांधतस!’’

खरंच होतं ते. खिळा मला कधी सरळ ठोकता आला नाही. म्हणून मी नट-बोल्ट आणले. लोखंडाच्या पट्ट्या, चांगला जड पाना, ड्रिल. चार कोपऱ्यांना सिमेंटचे ठोकळे भरले. तीन भिंतींच्या चौकटी जमिनीवर नीट जोडून झाल्या. दोन बाजूंना खांब, खाली-वर आडव्या पट्ट्या, मध्ये बांबूचा विणलेला तट्टा आणि एक तिरपा आधार. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून टेप लावला, मापं जुळली. मी स्वतःशीच टाळी वाजवली.

पूर्वेची भिंत आधी उभी करायची होती. शेजारी मदतीला येणार होता. हा तापीकाठी केळी करणारा गुजर माणूस. सकाळीच कुंपणावरून डोकावून गेला होता. ‘‘भो, भीत आडवी कसाले पाडी ठेवी? आजारी शे का ती?’’

‘‘आज उठाडसू तिले,’’ मी म्हणालो.

दुपारी हवा पडली. पान हलेना. तापीच्या बाजूला आभाळाच्या कडेला एक मातकट पट्टा चढायला लागला. फाल्गुनात असा पट्टा म्हणजे वादळ, तो दिसला की केळीवाले बागेकडे धावतात. तेवढ्यात आई काठी टेकत परसात आली. आजारपणानंतर पहिल्यांदाच ती इतकं चालली होती. मला वाटलं, कौतुक करायला आली. ती पसरलेल्या चौकटीभोवती एक फेरी फिरली, वाकली आणि एका खांबावरून तळवा फिरवला. मग तिथेच थांबली.

‘‘हाऊ खांब उलटा शे.’’

माझ्या आईचा बाप सुतार होता, हे इथे सांगायला हवं. त्याच्या हाताखाली ती लाकडात वाढली. आमच्याकडच्या सुतारांचा एक नियम आहे. झाड जसं वाढलं तसंच लाकूड उभं करायचं, बुडखा खाली आणि शेंडा वर. उलटा लावलेला खांब स्वस्थ बसत नाही, असं म्हणतात. त्याच्या सावलीत जी बाई राबते तिला तो घेऊन जातो. आईच्या बापाने घाईत एकदा स्वयंपाकघराला उलटा खांब लावला होता आणि वर्षाच्या आत आईची आई गेली. लहानपणी ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती आणि मोठेपणी तितक्याच वेळा हसलो होतो. आजी तापाने गेली, हे सगळ्यांना माहीत होतं.

‘‘माय, दोन्ही तोंडं कापेल शेतस. तुले कशे समजनं?’’

‘‘गाठी दख. फांदी कधी खाले तोंड करीसन वाढस का?’’

मी गाठी पाहिल्या. मला त्या नुसत्या गाठी दिसल्या. पण आई बरोबर असेल तर पंचाईत होती. कारण त्या खांबाला मी नऊ भोकं पाडली होती, खालची वेगळ्या मापावर आणि वरची वेगळ्या. खांब उलटा करायचा म्हणजे सगळी भोकं पुन्हा पाडायची, आधाराची खाच पुन्हा कापायची. दोन दिवस गेले असते. आणि आभाळातला पट्टा आता झाडांच्या वर आला होता.

‘‘टांगी दख,’’ आई म्हणाली. ‘‘मधमा दोर बांध. बुडखा जड ऱ्हास, तो खाले जास.’’ एवढं बोलून तिला धाप लागली. ती दहा पावलांवर कडुनिंबाच्या पाराशी जाऊन बसली आणि डोळे मिटून श्वास गोळा करू लागली. बायको घरात पाणी आणायला गेली.

मी बोल्ट सोडले. टेप लावून खांबाचा मध्य काढला, खडूने खूण केली, दोर बांधला आणि निंबाच्या इकडे झुकलेल्या फांदीवरून खेचला. खांब जमिनीपासून हातभर वर तरंगला, थोडा गोल फिरला आणि मग एक टोक सावकाश खाली गेलं. घाई न करता, अगदी ठामपणे. खाली गेलेलं टोक मी छताकडे ठेवलेलं होतं.

म्हातारी बरोबर होती.

आता ऐका. आयुष्यभर मी काट्यावर बसलो. गाडीवाल्यांनी शिव्या दिल्या, हात जोडले, पण एका किलोचं खोटं वजन या हाताने लिहिलं नाही. त्या दुपारी मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. मी खांब खाली घेतला, दोराची गाठ खडूच्या खुणेपासून जड टोकाकडे सरकवली. दोन बोटं. फक्त दोन. खूण ओल्या अंगठ्याने पुसली. आणि नाटकातल्या राजासारखी हाक दिली, ‘‘दख माय!’’

खांब वर गेला आणि मला हवं तेच टोक खाली झुकलं.

आई बराच वेळ पाहत राहिली. खांबाकडे, मग दोराकडे, मग माझ्याकडे. ‘‘मंग ठीक शे,’’ ती म्हणाली. ‘‘उचला.’’

खांब पुन्हा चौकटीत बसवला. शेजारी आला, भिंतीच्या माथ्याला बांधून निंबाच्या खोडाला गुंडाळलेला दोर त्याने धरला, म्हणजे भिंत पलीकडे कलंडणार नाही. मी आणि बायको बांबूंनी खालून रेटायला लागलो. भिंत गुडघ्याला आली, छातीला आली, डोक्यावर गेली. त्या क्षणी मी खरोखर खूश होतो, इतका की ओरडलो, ‘‘टाळ्या वाजवा रे कुणीतरी!’’

टाळ्यांऐवजी वारा आला. पडलेली हवा एकदम उठली, पलीकडच्या शेतात केळीची पानं फाटल्याचा आवाज आला आणि आमची भिंत शिडासारखी फुगली. शेजाऱ्याच्या हातातून दोर सरसर सुटला. ‘‘भो, सरक! सरक!’’ भिंत फिरली, तिचा एक कोपरा ठोकळ्यावरून घसरला आणि दाणकन जमिनीत रुतला. बायको अर्ध्या क्षणापूर्वी डोळ्यात गेलेली माती पुसायला बाजूला झाली होती. तिची एक चप्पल तिथेच राहिली होती. त्या चपलेवर खांब उभा होता. तोच.

शेजाऱ्याने दोर पुन्हा धरला. बायकोने चप्पल ओढून काढली, चपलेचा अंगठा तुटला होता. ती हसली आणि म्हणाली, ‘‘नवी आना आते.’’ मी हसलो नाही. पाराकडे पाहिलं तर आई सुनेच्या पायांकडे बघत होती.

पाऊस चार थेंब पडून गेला. पुढच्या पंधरवड्यात बाकीच्या भिंती उठल्या, पत्रे चढले, बांबूच्या तट्ट्यांवर शेणामातीचा गिलावा झाला. सगळं सुबक झालं. पण पूर्वेच्या कोपऱ्यात गिलावा धरेना. तीनदा लिंपला, तीनदा खांबाच्या कडेने वरपासून खालपर्यंत एकच भेग पडली. दुपारी पत्रा तापला की बाकीचे खांब गप्प असायचे आणि हा मात्र कण्हल्यासारखा आवाज करायचा. लाकूड वाळतं, आकसतं, मला माहीत आहे. मी हे स्वतःला रोज सांगत होतो. यंत्राची जागा नेमकी त्याच कोपऱ्यात होती, कारण वीज तिथून जवळ होती. बायको उन्हाळाभर त्याला पाठ टेकून बसणार होती. यंत्र हलवायचा दिवस मी आज-उद्या करत राहिलो.

तो बेत आईनेच मोडला. सकाळी ओसरीत येऊन म्हणाली, ‘‘मशीन ऱ्हाऊ दे घरमा. मन्ही खाट न्या तठे.’’

‘‘आत्याबाई, तठे तुम्हले करमाव नही,’’ बायको म्हणाली.

‘‘तुन्हा तोंडपासून दूर तं ऱ्हासू!’’

डॉक्टरला हवं होतं ते असंही साधत होतं. मिरची एकीकडे, आई दुसरीकडे. बायकोने हसत हसत खाट नेली. आईने काठीने जागा दाखवली, पूर्वेचा कोपरा. मी म्हणालो, खिडकीपाशी वारा येतो, तिथे टाकू. ती म्हणाली, इथेच. मी म्हणालो, इथे भेग आहे, माती पडेल. ती म्हणाली, पडू दे. आणि खाटेवर बसून तिने त्या खांबाला पाठ टेकली.

तिचा खोकला कमी झाला. पाहुणे म्हणायचे, बघा, मुलाने आईसाठी कशी खोली बांधली. मी लाजल्यासारखं करायचो. पण रोज कामावरून आलो की आधी परसात जायचो आणि तिची छाती वरखाली होते का ते पाहायचो. दर दिवशी ती थोडी लहान झाल्यासारखी वाटायची. एका संध्याकाळी तिने हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून उशाशी ठेवल्या होत्या. ‘‘सैल व्हयन्यात,’’ म्हणाली. ‘‘तिले दी टाक.’’

मी खाटेच्या कडेला बसलो. म्हणालो, ‘‘माय, उद्या खाट खिडकीपाशी सरकाडू.’’

आई हसली. दात नसलेलं, खट्याळ हसू. माझा खट्याळपणा कुठून आला ते त्या हसण्यात दिसतं.

‘‘दोर मधमा नही व्हता रे भाऊ. दोन बोट सरकेल व्हता.’’

माझ्या कानात यंत्र सुरू झाल्यासारखं झालं. मी विचारलं, ‘‘मंग तवय कसाले बोलनी नही?’’

‘‘ढग उना व्हता. तू घामघाई भिजेल व्हता.’’ तिने दम घेतला. ‘‘मंग तिन्ही चप्पल दखी मी. ती आठे दिनभर राबती. मी तं जानारीच शे. तिले कसाले?’’

मी उठलो. ओसरीत बायको मिरची कांडत होती, तिच्या भुवयासुद्धा लाल झाल्या होत्या. मी यंत्राचं बटण बंद केलं आणि म्हणालो, ‘‘चाल, खाट धर.’’ आई उतरेना, म्हणून आम्ही दोघांनी तिला खाटेसकट उचलून निंबाखाली ठेवलं. बायको पदराने तोंड पुसत विचारत होती, काय झालं, कुणाला काय झालं. मी पत्र्याखाली दोन टेकू लावले आणि पाना घेतला. पहिला बोल्ट गंजला होता. दुसऱ्याने बोटाची साल काढली. उजेड अजून होता, पण तापीच्या बाजूला तो मातकट पट्टा पुन्हा चढत होता.

खांब सुटला तेव्हा दोर मी बांधला नाही. बायकोच्या हातात दिला. खांब आईच्या खाटेला लावला. आईने वीत वीत टाकत त्याचा मध्य मोजला, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून, आणि जिथे तिचं बोट थांबलं तिथे बायकोने गाठ मारली. आम्ही दोघांनी दोर ओढला.

खांब गोल फिरला, क्षणभर सपाट थांबला आणि मग ज्या टोकाला मी आभाळाकडे ठेवलं होतं ते सावकाश जमिनीकडे गेलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिने खांबाखालून आपली नवी चप्पल सरकवून पाय मागे घेतला.

‘‘भोकं नवी पाडनी पडतीन,’’ आई म्हणाली. ‘‘ड्रिल आन, भाऊ. वारा उठाना पहिले.’’