क्लोविसने भरून ठेवलेला दाणा

माझा भाऊ क्लोविस मे महिन्यात गेला. चर्चमध्ये फादर त्याच्याबद्दल चांगलं बोलले, पण त्यात कोंबड्यांचं काही आलं नाही. म्हणून मी सांगते.

क्लोविस जन्मभर कोळंबीच्या बोटीवर होता. कोंबडी त्याला फक्त गंबोच्या रश्श्याच्या भांड्यातली माहीत. त्याची बायको एस्टेल गेली, घर गप्प झालं, आणि मग गेल्या हिवाळ्यात त्याने चार कोंबड्या आणल्या. मी हसले. म्हटलं अरे तुला बोलायला कुणी पाहिजे तर मी आहे ना, शेजारच्याच दारात राहते. तर म्हणतो, "तू फार बोलतेस व्हर्ली. ह्या ऐकतात तरी."

इकडे बायूच्या, आमच्या दलदलीतल्या संथ खाडीच्या, काठाला जून लागायच्या आत वादळाची तयारी करतात. क्लोविससारखी तयारी कुणाची नसायची. पाणी, बीन्सचे डबे, तांदूळ, बॅटऱ्या, सगळं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचलेलं. मागच्या मोठ्या वादळात आमची अर्धी आळी त्याच्याकडे जेवली. घर भरलेलं असलं की माणूस घाबरत नाही, असं त्याचं म्हणणं.

ईस्टरनंतर डॉक्टरांनी सांगितलं की आता काही करण्यासारखं उरलं नाही. मला तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन गेला आणि कोंबड्यांच्या दाण्याची पोती घेऊन आला. परत गेला, परत आणली. पोतं उचलताना दम लागायचा, मध्येच ट्रकला टेकून उभा राहायचा, पण मला हात लावू देईना. प्रत्येक पोतं प्लास्टिकच्या कापडात गुंडाळलं आणि वरून बोटीवरच्या दोरीने आवळलं, पूर आला तरी थेंब आत जायला नको म्हणून. मी चिडले, म्हटलं चार कोंबड्यांना एवढं कशाला, पलटण पाळणार आहेस का.

तेव्हा म्हणाला, "तुला गाडी चालवता येत नाही. मी नसल्यावर तुला दुकानात कोण नेणार? वर्षाचा भरलाय. तू नुसता घालायचा."

मी म्हटलं घालीन. त्याच्या मरणाबद्दल आमचं बोलणं झालं ते एवढंच.

तो गेल्यावर लोकांनी इतकं जेवण आणलं की फ्रिजचं दार लागेना. मला काही खाववत नव्हतं, पण सकाळी उठून दाणा घालायचे. त्याने सांगितलेलं काम होतं ते. पहिलं पोतं बरं गेलं. मग उन्हाळा चढला आणि कोंबड्या दाणा नुसता उकरायच्या, टाकून निघून जायच्या. अंड्याचं कवच इतकं मऊ की बोट आत जाई. मला वाटलं त्याही त्याच्यासाठी झुरतायत. मी त्यांच्यापाशी बसून सांगायचे, खा गं, त्याने आणलाय.

मग एकीची मान लुळी पडली, ती उठेना, आणि मी पलीकडच्या ओडियाला बोलावलं. तिच्याकडे लहानपणापासून कोंबड्या. तिने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, ढेकूळ काढलं, फोडलं. आत हिरवं. ढेकूळ तिने बाजूला ठेवलं. मग हळू सांगितलं की दाणा म्हणजे बीन्सचा डबा नाही, तो टिकत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत थोडाथोडा आणायचा, घरात गार जागी झाकणाच्या पिंपात ठेवायचा, जुना संपल्याशिवाय नवा वर ओतायचा नाही. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकात गुंडाळलेला दाणा आतल्या आत घामेजला होता. बुरशीचा दाणा कोंबडीला मारतो म्हणाली.

मी म्हटलं बांधलेली पोती चांगली असतील. ती सुरी आणायला निघाली, मी आणू दिली नाही. त्याच्या गाठी मी बोटांनी सोडल्या, नखं तुटली. काहींत बुरशी, काहींत किडे, उरलेल्यांना जुन्या तेलासारखा वास.

एक तरी ठेवते म्हटलं.

ओडिया म्हणाली, "ठेव बाई. पण त्यांना घालू नकोस. त्याने त्यांना जगवायला आणला होता."

मी तिला घरी जा म्हटलं. ती गेली नाही, ढकलगाडी घेऊन आली. कोंबड्या उकरणार नाहीत अशा ठिकाणी, लांब कुंपणापाशी आम्ही खड्डा खणला. एकेक पोतं ओतताना मला त्याचा तो दम ऐकू येत होता. ती आजारी कोंबडीही संध्याकाळी गेली. तिला वेगळं पुरलं.

आता ओडिया मला तिच्या गाडीतून दुकानात नेते. मी लहान पोतं आणते, माझ्या स्वयंपाकघरात तांदळाशेजारी पिंपात ठेवते, रोज वास घेऊन मगच घालते. तिघी मुकाट खातात. ते संपतं न संपतं तोच परत दुकान. मला हे करायला लागू नये म्हणून तो त्या पोत्यांखाली वाकला होता.

पिंपाच्या झाकणाला त्याचीच दोरी बांधलीय. त्याची गाठ मला येत नाही. साधीच मारते.