दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचा भारा

असले अनुभव वाचले की माझा पहिला प्रश्न ठरलेला — बॅटरी तपासली होती का? भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहायला बसले आहे... हसायचं तर खुशाल हसा.

मी महाळुंग्यात राहते, आयटीत टेस्टिंग करते. सुट्टीच्या दिवशी सुटे भाग जोडून कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन बनवला. अडीचशे ग्रॅमच्या आत बसला की परवान्याचा बराच व्याप टळतो, म्हणून एकेका ग्रॅमसाठी झगडले. स्क्रू कापले, वायरी आखूड केल्या, कॅमेऱ्याचं कवचही काढून टाकलं. नवरा म्हणाला, "स्वतःचं वजन उतरवायला एवढी मेहनत घेतली असतीस तर..." पुढचं गिळलं त्यानं, शहाणा आहे. शेवटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आकडा आला, २४९. त्या दिवशी मी शिरा केला.

दसरा झाला आणि मामाच्या गावाहून, रिह्याहून फोन आला. माझा मामा गवत कापायला डोंगरावर गेला होता, तो परतलाच नव्हता.

मामा-मामीला मूलबाळ नाही. दोघांची एक रीत होती. मामा डोक्यावर भारा घेऊन यायचा आणि अंगणाच्या कडेला उभा राहायचा. मामी येऊन हात लावायची, मगच भारा खाली. एवढा जड भारा एकट्याला अलगद उतरवता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो. मामा टाकायचा नाही. मामी गोठ्यात अडकली असली तरी हा मान ताठ धरून उभा. "टाका की वो," कुणी म्हटलं तर म्हणायचा, "टाकल्यावर गवात इस्कटतंय. ती येतीया."

चार दिवस गावानं डोंगर पालथा घातला होता. पोलीसही येऊन गेले. पण कारवीची झुडपं पुरुषभर उंच, दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. मी ड्रोन घेऊन पोचले तेव्हा मामी दारातच बसली होती. रडत नव्हती.

"पोरी, जित्तं हायेत का न्हाई, येवढं तरी कळू दे. कुकू लावू का पुसू?"

मला भडभडून आलं. पण रडत बसले असते तर ड्रोन कुणी उडवला असता?

भर दुपार, पानही हलत नव्हतं. पहिल्या दोन चकरांत नुसती कारवी दिसली. तिसऱ्या चकरेत ड्रोन माथ्याखालच्या खडकावर आला आणि एकदम दबला. मोटारी किंचाळायला लागल्या. थ्रॉटल, म्हणजे मोटारींचा जोर, नेहमीच्या दुप्पट! डोंगराच्या आडोशाला वारा खाली दाबतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून लगेच परत बोलावला. पण ओढ्यावरून, भातखाचरांवरून, थेट घरापर्यंत तो तसाच आला — कण्हत, जडावलेला. अंगणाच्या कडेला येऊन माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर थांबला. मी रिमोटची स्टिक पार खाली ओढली... उतरेना.

मामी उठली.

"मामी, हात लावू नकोस, बोटं कापतील!" मी ओरडले.

तिनं पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि ड्रोन खालून धरला. तिचे गुडघे वाकले. हात थरथरायला लागले. अहो, २४९ ग्रॅम! वाटीभर साखर! सावकाश, आधी एक बाजू, मग दुसरी, असा तिनं तो जमिनीवर टेकवला. मोटारी आपोआप थांबल्या. मामी तशीच उभी राहिली, आणि पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं.

काटा मी सोबत नेला होता. वजन केलं. २४९.

रेकॉर्डिंगमधून खडकाची जागा काढली आणि मामाचा चुलतभाऊ चार माणसं घेऊन वर गेला. मामा तिथंच होता, खडकाला पाठ टेकून. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, बहुधा पहिल्याच दिवशी. शेजारी भारा उभा होता. टाकलेला नव्हे, नीट उतरवलेला, गवताची काडी इस्कटलेली नाही. वर डोक्यावरची चुंबळ घडी करून ठेवलेली.

"काल ह्याच धोंड्यावर बसून म्या बिडी वढली," चुलतभाऊ सारखं म्हणत होता. "हितं काय बी न्हवतं."

मोटारी, बॅटरी, सेन्सर, सगळं मी तपासलं. दोष नाही. थ्रॉटलचा आलेख अजून माझ्याकडे आहे, ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावा. मला या सगळ्याचा रागच येतो.

बाराव्यानंतर धीर करून मामीला विचारलं, "त्या दिवशी तुझ्या हाताला काय लागलं गं?"

"भारा. आनखी काय?" ती म्हणाली. "इतकं दिस उभं हुतं त्ये, पोरी. मान लई अवघडली आसंल."