सव्वानऊचा मेसेज

विल्सन गेला त्या सकाळी सव्वानऊला त्याचा मेसेज आला होता : 'आजून न्हाय.' मी सवयीने 'धीर धर' असं उत्तर पाठवलं आणि चहा गाळायला घेतला. थोड्या वेळाने त्याच्या भावाचा फोन आला. सातला ऑफिसला निघालेल्या विल्सनची स्कूटर साडेसातच्या सुमारास उत्तनच्या रस्त्यावर घसरली होती, आणि तो जागीच... मग 'धीर धर' मी कुणाला म्हणाले, हे दोन महिने स्वतःला विचारतेय.

उत्तनजवळच्या पाली गावातल्या, मासेमारी करणाऱ्या घरातला हा मुलगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतानाच आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये लागला. मी त्याची लीड. मला ताई म्हणायचा आणि वर माझ्याच चुका काढायचा. दिवसभर ऑफिस, तेव्हा स्कूटर नव्हती म्हणून येता-जाता बसमध्ये अभ्यास. रविवारी पुस्तकं घेऊन माझ्याकडे बेव्हर्ली पार्कला यायचा, सोबत आईने दिलेले तळलेले बोंबील. शेजारच्या गुजराती बेन वासाने नाक मुरडायच्या, तर हा त्यांनाच दारात गाठून, "आंटी, आज भी आपके लिए नहीं लाया," म्हणून हसवायचा. पदवीदानाच्या काळ्या झग्यातल्या फोटोसाठी त्याच्या आईने भिंतीवर, येशूच्या तसबिरीशेजारी, आधीच खिळा ठोकून ठेवला होता.

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर आणि आमचं रिलीज नेमकं एकाच दिवशी आलं. नवं काम ग्राहकाच्या हाती द्यायचा दिवस, कुणी जागचं हलायचं नाही. मी त्याला म्हणाले, "पेपर सहा महिन्यांनी पुन्हा देता येतो." तो थांबला. त्याने केलेलं ते काम ग्राहकाने महिन्याभरात काढून टाकलं. माझी पदवी मात्र केव्हाच फ्रेममध्ये होती. मी चुकले, आणि हे त्याला कधी म्हणाले नाही.

पेपर त्याने पुन्हा दिला. मग निकालाची वाट बघवेना म्हणून घरी चालू ठेवलेल्या स्वतःच्या लॅपटॉपवर छोटा प्रोग्राम लिहिला. तो रोज सकाळी सव्वानऊला विद्यापीठाचं पान उघडून विल्सनचा सीट नंबर शोधायचा आणि त्याच्याच नावाने आम्हा दोघांना मेसेज टाकायचा. त्याने तो मला तपासायला दिला तेव्हा मी विचारलं होतं, हे थांबणार कधी? काम कुठे संपवायचं तेच न लिहिणं, ही आमच्याकडे नवशिक्याची चूक. त्यावर त्याचं उत्तर : "निकाल लागला का मी बंद करीन ना, ताई."

विल्सन गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा भाऊ तो लॅपटॉप घेऊन आला. विल्सनचा फोन रोज सव्वानऊला वाजायचा आणि आई दचकून दाराकडे बघायची. "बंद करा," तो म्हणाला. निकाल लागेपर्यंत राहू दे, अशी मी गळ घातली. शेवटी त्याने फोन बंद करून ठेवला आणि लॅपटॉप माझ्याकडे. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायची. रोज नऊ वाजले की मी फोन समोर घेऊन बसायचे. मेसेज आला की वाईट वाटायचं, चार मिनिटं उशीर झाला की त्याहून वाईट.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी शब्द बदलले : 'ताई, झालो पास. घरी मी सांगतो, तुमी नको.'

त्याने ते कधी लिहून ठेवलं होतं कुणास ठाऊक. मी पालीला गेले. तोंडाने सांगायची तर मनाईच होती, म्हणून फोन त्याच्या आईपुढे धरला. तिने अक्षरावर बोट ठेवत दोनदा वाचलं. मागे भिंतीवर खिळा तसाच होता.

"उद्या पन येल काय?" तिने विचारलं.

"येईल. थांबवायचं तो विसरलाय."

"मंग ऱ्हाऊ दे."

लॅपटॉप माझ्या खिडकीशी चालू असतो. लाइट गेली की मी आधी त्याच्याकडे धावते. त्या प्रोग्रामला मी एकदाच हात लावला, त्याच्या आईचा नंबर घालायला. आता रोज सव्वानऊला घरी तोच सांगतो.