दाजींची काजळी

डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूपायी डोळ्यांसमोरच्या प्रत्येक वस्तूची नासाडी करण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या सांगलीत नव्हता. नव्वदच्या दशकात माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात कार्बनचं कवच चढवलेले लोखंडाचे कण बनवत. हे कण इतके बारीक, की ते झालेत की नाहीत हे फक्त दाजींनाच कळायचं! त्यांच्यापायी दाजींनी गल्लीतल्या यच्चयावत बॅटऱ्यांचे सेल फोडून आतल्या कार्बनच्या कांड्या काढल्या, त्यांना भोकं पाडून लोखंडाची पूड ठासली, अक्काच्या लग्नात आलेल्या कुकरमध्ये वेल्डिंगवाल्याकडचा वायू भरला आणि त्याच्याच यंत्राने आत ठिणगी पाडली. ठिणगी पडली की गल्लीतले दिवे मंदावत. रविवारी सकाळी टीव्हीवर बाण हवेत असतानाच पडदा काळा होई आणि शेजारचे आजोबा ओरडत, "ओ मास्तर, राक्षस तरी मरू द्या की!" मग झाकणाला आतून जी काळी भुकटी चिकटे, तिला दाजी संशोधन म्हणत. अक्का काजळी म्हणे.

या कणांवर औषध बसवायचं, ते टोचायचं आणि बाहेरून चुंबक धरून दुखऱ्या जागी न्यायचं, असा दाजींचा बेत होता. बाजारात हळदीची पेढी चालवणाऱ्या आपल्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, त्यांनी तो उत्साहाने समजावला. अप्पा गुडघा चोळत म्हणाले, "म्हंजे आत लोखंड घालणार, आन् वर चुंबक लावणार? त्यापरास दुखू दे."

प्रयोगाची खोली म्हणजे पेढीमागचं अप्पांचं कोठार. हळद यायचे दिवस आले तसं अप्पांनी बजावलं, "काय दावायचं ते आता दाव. न्हाईतर गाड्या आल्या की पोती आत, आन् कुकर भाईर." खोली गेली की दाजींचा प्रयोगही गेला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मी साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली. दाजींची फजिती चुकवणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

परीक्षा साधी होती. भुकटी आम्लात टाकायची. कवच अर्धवट असेल, तर आम्ल लोखंड खातं आणि बुडबुडे येतात. तोवर दर वेळी बुडबुडे आले होते आणि दर वेळी दाजी "प्रगती आहे" म्हणाले होते. आज त्यांनी भुकटी टाकली. आम्ही डोळे ताणून बसलो. काही झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही.

"कवा हुणार रं?" अप्पांनी विचारलं.

"झालं, अप्पा." दाजी म्हणाले. "काही न होणं, हेच व्हायचं होतं."

इतका खटाटोप करून काहीही न घडवून दाखवणारे दाजी आमच्याच नशिबी, असं मी म्हणणार होतो. पण त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

त्यांनी आम्लाच्या काचेच्या भांड्याला बाहेरून चुंबक लावलं, तशी तळाची भुकटी सरकत वर आली. अप्पांनी ते चुंबक त्यांच्या हातून घेतलं. वर नेलं, भुकटी वर. खाली आणलं, भुकटी खाली. पुढून गिऱ्हाईक हाका मारत होतं. अप्पा जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या गाड्या आल्या.

पुढे त्या कणांचं औषध काही दाजींच्या हातून झालं नाही, आणि आता अप्पाही नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला ते त्या हंगामातलेच दिसतात. झोपायच्या खोलीत छतापर्यंत हळदीची पोती रचून स्वतः बाहेर बोळात अंथरूण टाकलेले, आणि कुणी विचारलं की सांगणारे, "कोठार रिकामं न्हाई. तितं आमच्या पोराचं काम चाललंय."