मावशीचा आकडा माझ्या फोटोत आलाय

भावांनो, एक विचारायचंय.

विजेवर संशोधन करणाऱ्या एका ताईसाठी मी रस्त्यावरच्या विजेच्या डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि तारांचे फोटो काढत फिरतो. त्यावरून ती कॉम्प्युटरवर विजेच्या जाळ्यासकट खऱ्यासारखं बनावट शहर रचून, अभ्यासासाठी नेटवर सगळ्यांना फुकट देणार आहे.

आज मोरिवलीत सहजच एका बोकडामागे गल्लीत शिरलो, तारांचा फोटो काढला, तर एका मावशीने कॉलरच धरली. "आमचा आकडा पकडायला आलास काय रे? वीज तोडली तर ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडंल!"

फोटोत तारेवर टाकलेला वीजचोरीचा आकडा आणि दारावरचं नाव, दोन्ही स्पष्ट होतं.

ताईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "नाव-पत्ता मी पुसते. आकडा राहू दे, नाहीतर शहर खोटं वाटेल."

फोटो अजून पाठवलेला नाही. कुणी गल्ली ओळखली तर? दारातून ऐकू आलेली त्या मशीनची घरघर कानातून जात नाहीये. तुम्ही पाठवला असता?