पेनसिल्व्हेनियाचे लाड

माझी पत्नी मंगळवारी गेली. तेराव्यानंतर मी रोज सकाळी गिरगावातल्या मोफत वाचनालयात जाऊन बसू लागलो. समोरच्या बाकावर एक गृहस्थ असत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते वर्तमानपत्र आतल्या पानापासून उघडत, कारण अमेरिकेची निवडणूक तिथे छापलेली असे. अमेरिकेला कधी गेले नव्हते; पण कुठल्या राज्यात कोणाच्या किती सभा झाल्या, हे बसच्या तिकिटामागे लिहून ठेवत.

"कॅलिफोर्नियाला कोण विचारतंय?" ते एकदा म्हणाले. "ते मत घरचंच, दर वेळी एकाच पक्षाला. लाड पेनसिल्व्हेनियाचे. तिथे कधी हा पक्ष जिंकतो, कधी तो. रुसलेल्या जावयाला वाढायला कसे सगळे धावतात, तसं!"

मी सांगितलं, की मुलगा पुण्याला बोलावतो, मुलगी अँटॉप हिलला. दोघांचे रोज फोन येतात आणि माझं काही ठरत नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, म्हणजे तुम्हीच पेनसिल्व्हेनिया! घाई करू नका. एकदा ठरलं, की प्रचार बंद."

"आणि तुम्ही?"

"आम्ही कॅलिफोर्निया. पहिल्यापासून मुलाकडेच. विचारायचं काय त्यात?" ते इतके मोठ्याने हसले, की ग्रंथपालबाईंनी टेबलावर पट्टी आपटली.

पुढच्या आठवड्यात मी मुलांना कळवलं, की मी गिरगावातच राहणार. आता त्यांचे फोन रविवारी येतात. त्या गृहस्थांना मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. ठरलं का, म्हणून ते रोज सकाळी विचारतात.